बर्फातला माग: उत्तर मेनमध्ये मोठ्या व्हाइटटेल नराची शिकार

नोव्हेंबरच्या मध्यावर अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, उत्तर मेनमध्ये रात्री तीन-चार इंच बर्फ पडला आणि पहाटे थांबला, तर त्या दिवशी मचाणावर बसू नका. रात्रभर जंगलात जे जे हललं ते सगळं जमिनीवर उमटलेलं असतं. त्यातला एक चांगला माग निवडायचा आणि सावज दिसेपर्यंत किंवा दिवस मावळेपर्यंत तो सोडायचा नाही. मेन, न्यू हॅम्पशायर, व्हर्माँट आणि न्यू यॉर्कचे ॲडिरॉन्डॅक डोंगर या पट्ट्यात व्हाइटटेलच्या, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, शिकारीची ही जुनी रीत आहे. इथल्या मोठ्या जंगलांसाठी तिच्याइतकी योग्य दुसरी रीत मला माहीत नाही.

विस्कॉन्सिन, ओहायो, आयोवाकडे मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांना लागून जंगलाचे तुकडे असतात. तिथं हरणं दाट आहेत, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत, त्यामुळे झाडावर बसून वाट बघणं फळतं. पूर्वेकडे उत्तर मेन ही या हरणाच्या पसाऱ्याची जवळजवळ उत्तरेची कड. हिवाळा लांब, बर्फ खोल, हरणं अगदी विरळ. दिवसचे दिवस एका झाडावर बसलात तरी शेपूटसुद्धा दिसणार नाही. पण माणसांचा वावरही तितकाच कमी असल्यामुळे इथले नर पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत जगतात आणि अंगानं प्रचंड होतात.

म्हणून ट्रॉफी, म्हणजे मिरवण्याजोगी शिकार, या शब्दाचं मापही इथं वेगळं आहे. १८८७ साली स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लब शिंगं मोजतो. टिपिकल म्हणजे दोन्ही बाजूंनी सारख्या वाढलेल्या शिंगांना त्यांच्या कायमच्या नोंदवहीत जायला १७० गुण लागतात. टिपिकलचा जागतिक विक्रम १९९३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवनमध्ये मिलो हॅन्सननं मारलेल्या नराचा, २१३ ५/८ गुणांचा. मेनमध्ये मात्र लोक आधी वजन विचारतात. आतडी काढल्यानंतर २०० पौंड, म्हणजे ९० किलोंच्या वर भरला की तो मोठा बक, म्हणजे नर. शिंगाच्या टोकांवरून वय कळत नाही. चांगलं खाऊन वाढलेल्या अडीच वर्षांच्या नरालाही आठ टोकं असतात. वय कळतं ते दातांच्या झिजेवरून आणि अंगावरून: भरलेली मान, खोल छाती, किंचित लोंबणारं पोट.

आधी कागदपत्रं

अमेरिकेत राहणारे आपल्यातले बरेच जण एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतात, म्हणून हे सगळ्यात आधी. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल, तर या बंदीतून सूट मिळते. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदुकीला हात, हा क्रम चुकवायचा नाही. मित्राची रायफल रेंजवर सहज हातात घेणंही यात येतं. इमिग्रेशनचं काम बघणाऱ्या वकिलाला एकदा विचारून घ्या. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. धनुष्य फेडरल कायद्यात बंदूक ठरत नाही, पण मागावर चालत जाऊन धनुष्यानं नर मारणं फार कठीण आहे आणि नवख्याला मी ते सुचवणार नाही.

पूर्वी मोठ्यांचं लायसन्स काढलेलं नसेल, तर मेनमध्ये हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. नागरिकत्व नसलेल्यांसाठी लायसन्सचा वेगळा प्रकार आहे, तो राज्याच्या इनलँड फिशरीज अँड वाइल्डलाइफ खात्याकडे विचारून घ्या. शिंगवाल्या नराच्या लायसन्सवर मारायचं तर शिंग निदान तीन इंच हवं. बंदुकीच्या हंगामात अंगावर भडक केशरी टोपी आणि वर केशरी जाकीट किंवा बंडी सक्तीची आहे. हरणाला तो केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे त्याची काळजी नको. निळ्याकडचा उजेड मात्र त्याला छान दिसतो, म्हणून कपडे चकाकवणारी धुण्याची पावडर टाळा. रविवारी शिकार बंद. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. यातलं काहीही तिथं करून बघायचं नाही.

जागा शोधणं तसं सोपं. नॉर्थ मेन वुड्स म्हणून जो सुमारे ३५ लाख एकरांचा टापू आहे, तो बहुतेक लाकूड कंपन्यांच्या मालकीचा आहे आणि नाक्यावर नोंद करून, फी भरून आत जाता येतं. आतल्या रस्त्यांवर लाकडाच्या ट्रकचा हक्क पहिला. समोरून ट्रक आला की गाडी बाजूला घेऊन थांबायचं आणि त्यांची वाट अडेल अशी गाडी कधीच लावायची नाही. मेनमध्ये पाटी नसलेल्या खाजगी रानात जायची रीत आहे, पण झाडावर जांभळ्या रंगाची उभी पट्टी दिसली की परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. पट्टी नसली तरी मालक भेटला तर विचारावं. ही मोकळीक शिकाऱ्यांच्या वागण्यावर टिकून आहे.

काय न्यायचं

लोकर. सुती कापड भिजलं की अंगातली ऊब खेचून घेतं, आणि कडक नायलॉन प्रत्येक फांदीला घासून आवाज करतं. लोकरीची पँट, लोकरीचं जाकीट, आत पातळ थर. दिवसभर चालायचं आहे, म्हणून सकाळी गाडीतून उतरताना थोडी थंडी वाजली पाहिजे. उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येईल, आणि दुपारी तोच घाम तुम्हाला गारठवेल.

रायफल हलकी आणि आखूड. या भागात रेमिंग्टनची पंप-ॲक्शन ७६० आणि ७६०० पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, कारण खांद्यावरून न काढता दुसरी गोळी भरता येते. काडतूस .३०८, .३०-०६, .२७० यातलं काहीही पुरेल. रायफलवरची दुर्बीण (स्कोप) कमी ताकदीची हवी, नाहीतर पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायची सोय. झाडीत नर चाळीस-पन्नास यार्डांवर दिसतो आणि मोठ्या दुर्बिणीत तेव्हा नुसतं खोड भरतं. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा, बर्फ आत जात नाही आणि गोळी तिच्यातून सरळ निघते. ऑफसीझनमध्ये टेबलावर टेकून नेम धरण्यापेक्षा उभ्यानं, पटकन खांद्याला लावून पन्नास यार्डांवर मारायचा सराव करा.

होकायंत्र, फोनमध्ये आधीच उतरवलेले नकाशे, दोन टॉर्च, काड्यापेटी, सुरी, दोरी, दोन वेळचं खाणं. आत नेटवर्क नसतं. कुठल्या रस्त्यावर गाडी लावणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, हे घरी लिहून ठेवा.

माग शोधणं

बर्फ किती वाजता थांबला हे लक्षात ठेवा. चारला थांबला असेल, तर ज्या ठशात भुरभुर नाही तो चारनंतरचा. सकाळी याहून मोलाची माहिती दुसरी नाही. उजाडायच्या आत जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवरून गाडीनं सावकाश फिरा, किंवा डोंगरसोंडेवरून पायी निघा, आणि रस्ता ओलांडून गेलेले ठसे बघत राहा. गाडीत बंदूक रिकामी, हे सांगायला नकोच.

मोठ्या नराचा पुढचा खूर साधारण तीन इंचांच्या पुढे असतो. शेजारी .३०-०६ चं काडतूस ठेवून बघा, ते ३.३ इंच लांब असतं. ठसा त्याच्याइतका असेल तर चालायला लागा. एक सावधगिरी: मूस या अवाढव्य हरणाच्या वासराचा ठसाही याच मापाचा असतो. तो जास्त लांबट आणि टोकदार असतो, आणि थोडं पुढे गेलात की शेजारी आईचे ताटाएवढे ठसे सापडतात.

पण खुराच्या लांबीवर सगळं ठरवू नका. डाव्या-उजव्या ठशांमधलं अंतर बघा. छाती रुंद असलेल्या नराचे पाय एकमेकांपासून लांब पडतात, मादीचे जवळजवळ एका रेषेत. थोड्या बर्फातही त्याचे खूर ओढल्याची रेघ असते. दोन बारकी फरची झाडं जवळजवळ असतील तर मादी मधून जाते आणि मोठा नर शिंगांसाठी वळसा घालतो. मादी एका जागी मुतते, माजावर आलेला नर चालता चालता थेंब सांडत जातो. त्याच्या मागच्या पायांच्या सांध्याशी ग्रंथी असतात, त्यांवरून मूत्र ओघळून ते केस काळपट होतात. ताज्या मागावर वाकून वास घ्या. गावाकडे बोकड पाहिला असेल तर तो उग्र दर्प लगेच ओळखाल.

ताजेपणा तपासायची साधी युक्ती अशी: ठशाशेजारी आपली मूठ दाबा आणि दोन्ही कडा बोटानं चाचपा. तुमच्या मुठीची कड मऊ आणि ठशाची कड कडक असेल, तर तो काही तासांपूर्वीचा. दोन्ही सारख्याच मोडल्या तर नर जवळ आहे. लेंडी दाबून बघायला कंटाळू नका, कडाक्याच्या थंडीत ती फार लवकर गोठते.

त्याची चाल, तुमची चाल

नवखे लोक दिवसभर ठशाचा आकार बघत चालतात. आकार सकाळी एकदा बघितला की झाला. त्यानंतर वाचायची ती चाल. तो काय करत होता, यावर तुम्ही किती वेगानं चालायचं हे ठरतं. या सगळ्या विद्येचं मर्म मला इथंच दिसतं.

ठसे सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, ओढा आणि दलदल जशीच्या तशी ओलांडून जाताहेत? मग तो एका मादीच्या टापूतून दुसरीच्या टापूकडे निघाला आहे. नोव्हेंबरच्या मध्याला माजाचा जोर असतो आणि नर असे मैलन्‌मैल चालतात. इथं दबकत चालाल तर तो संध्याकाळपर्यंत तुमच्यापुढेच राहील. लांब ढांगा टाका. फांदी मोडली तरी हरकत नाही. वाटेत ताजं घासलेलं झाड दिसेल, साल सोलून आतलं पांढरं लाकूड उघडं पडलेलं आणि खाली बर्फावर सालीचा चुरा. कुठं बर्फ आणि पालापाचोळा उकरून काळी माती वर काढलेली, आणि त्यावर लोंबणारी फांदी चघळलेली. थांबून कौतुक करण्यात वेळ घालवू नका.

मग माग मादीच्या ठशांत घुसतो. चार-पाच हरणांचे ठसे एकमेकांत मिसळतात आणि तुमचा हरवतो. आत शिरून गुंता सोडवू नका. बाहेरून मोठं वर्तुळ घ्या. तो बाहेर पडला असेल तर त्याचा ठसा त्या वर्तुळाला कुठंतरी छेदेल. छेदला नाही, तर तो आतच आहे, आणि तुमच्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग सुरू झाला.

एका मागावरचं सांगतो. सकाळपासून तो नर सरळ चालत होता. दुपारी एका तोडलेल्या जागेच्या कडेला ठसे जरा वाकडे झाले. एका रासबेरीच्या काटकीचा शेंडा खुडलेला होता, चिरलेली बाजू अजून ओली. पुढं पडलेल्या फरवरचं दाढीसारखं लोंबणारं दगडफूल ओढून खाल्लेलं, आणि खाली बर्फात शिंगाच्या टोकांनी दोन बारीक खळगे पाडलेले. तो चरत होता. पोट भरलं की हरीण बसतं. तिथून पुढचे दोनशे यार्ड जायला मला तासाभराहून जास्त वेळ लागला, आणि तो वेळ योग्य होता.

अशा खुणा दिसल्या की एक पाऊल टाकायचं आणि थांबायचं. मग फक्त डोळे हलवायचे. ठसा आता पायाखाली नको, कडेनं दिसला तरी पुरे. नजर पुढं, झाडांच्या मधून. अख्खं हरीण शोधू नका, ते तसं कधीच दिसत नाही. उभ्या झाडांच्या रानात एखादी आडवी रेघ शोधा, ती पाठ असते. कानाचा आतला पांढरा भाग, नाकाचा काळा ठिपका, पायाचा वाकलेला सांधा. संशय आला तर वेगळ्या, हातातल्या दुर्बिणीनं बघा. रायफलच्या स्कोपमधून शोधू नका, समोर माणूसही असू शकतो.

मोठा नर बसण्याआधी बहुतेक वेळा वळण घेतो. मागे फिरून, किंचित उंचवट्यावर, आपल्याच आलेल्या वाटेकडे तोंड करून बसतो. म्हणून चरण्याच्या खुणांनंतर ठसे डावीकडे किंवा उजवीकडे वळताना दिसले, तर तो समोर नसून बाजूला आणि कदाचित तुमच्या मागेच असतो. वारा गालावर घेऊन तिथं माग सोडा, वाऱ्याच्या खालच्या बाजूला जा आणि मागाला समांतर चाला. दिवसभर वारा तुमच्या हातात नसतो, नर जिकडे जाईल तिकडे तुम्ही. या शेवटच्या टप्प्यात मात्र वारा निवडता येतो, आणि निवडलाच पाहिजे.

तो उठून पळाला, तर? होईल, बऱ्याचदा होईल. शेपूट वर करून उड्या मारत गेला की निराश होऊ नका. उड्यांचे ठसे काही अंतरानं पुन्हा चालीत येतात. काही जुने शिकारी लगेच मागे धावतात, काही अर्धा तास थांबून डबा खातात. वास लागून पळाला असेल तर थांबा, तो फार लांब जाईल. नुसतं काहीतरी हललेलं दिसून उठला असेल तर लगेच निघा. असे नर कुतूहलानं थोड्या अंतरावर थांबून मागे वळून बघतात.

बर्फ कुरकुरीत, वरून गोठलेला असेल, तर मागावर जाऊ नका. प्रत्येक पाऊल वाजतं. त्या दिवशी बसलेलं बरं. हळूहळू पडत असलेला ओलसर बर्फ सगळ्यात उत्तम: आवाज दबतो आणि जो ठसा दिसेल तो ताजाच.

घड्याळाकडे लक्ष असू द्या. या दिवसांत तिथं चारच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी एकला गाडी कुठल्या दिशेला आणि किती लांब, हे नकाशावर बघून ठरवा की अजून पुढं जायचं का.

गोळी आणि त्यानंतर

शिंगं स्पष्ट दिसल्याशिवाय सेफ्टी काढायची नाही. आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या लगेच मागे, खालून एक तृतीयांश उंचीवर. किंचित पलीकडे तोंड करून उभा असेल तर पलीकडच्या खांद्याच्या रोखानं. पाठमोऱ्या पळत्या हरणावर गोळी झाडू नका.

गोळी लागली तेव्हा तो जिथं उभा होता ती जागा आधी नीट बघा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्ध्या तासानं निघा. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट घाण आणि वास आला तर आतडं, आठ ते बारा तास. जोरात बर्फ पडत असेल तर इतकं थांबता येत नाही, रक्त झाकलं जातं; तेव्हा अगदी सावकाश, बंदूक तयार ठेवून जायचं. मेनमध्ये दोरीला बांधलेले, परवाना असलेले माग काढणारे कुत्रे असतात. माग हरवला तर त्यांच्या मालकाला फोन करा. जखमी जनावर शोधण्यासाठी उरलेला हंगाम गेला तरी चालेल.

सापडल्यावर आधी टॅग, म्हणजे शिकाऱ्याच्या नावाची चिठ्ठी, लावा. मग उताणं करून, डोकं चढाकडे. गुदद्वाराभोवती कापून ते मोकळं करा आणि बांधा. पोटाची कातडी कापताना पातं वर आणि दोन बोटं त्याच्या दोन्ही बाजूंना आत, म्हणजे जठर किंवा मूत्राशय फुटत नाही. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कापा, हात वर घालून श्वासनलिका तोडा, सगळं एकदम बाहेर येतं. उपडं करून रक्त निथळू द्या. पुढचे पाय शिंगांना बांधा आणि डोक्याकडून ओढा. केसांच्या दिशेनं बर्फावर सरकतं. दोनशे पौंडांचं धूड एकट्यानं ओढायचं तर दर शंभर यार्डांनी थांबा.

१८ तासांच्या आत टॅगिंग स्टेशनवर नोंदणी करायची. बहुतेक ठिकाणी हे गावातलं किराणा दुकान असतं, आणि तिथंच काट्यावर खरं वजन कळतं.

मांस लवकर थंड करा, एक ते चार अंश सेल्सिअसमध्ये काही दिवस टांगलं तर मऊ होतं. जखमेभोवतालचं मांस ऐसपैस कापून टाका, शिशाच्या गोळीचे बारीक कण दिसतात त्यापेक्षा लांब पसरतात. मुलं खाणार असतील तर तांब्याची गोळीच वापरा. पाठीच्या पट्ट्यांवर फक्त मीठ-मिरी, तवा कडक गरम. खांदा आणि मान कुकरमध्ये रश्श्याला. चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल आणि सुकं खोबरं मटणापेक्षा जास्त घाला. कलेजीची कितीही आवड असली तरी ती आणि गुर्दे खाऊ नका. मेनच्या हरणांच्या आणि मूसच्या यकृतात आणि मूत्रपिंडात कॅडमियम साठतं, आणि राज्याची सूचनाही तीच आहे.